हापूसमधील साका, फळमाशी आणि पिकवण : काढणीनंतर नेमके काय करावे?

प्रश्न
नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. यंदा शेवटच्या तोड्यातील आंबे वरून निर्दोष दिसत होते. परंतु पिकल्यावर कापले असता काहींचा बाठ्यालगतचा गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबूस निघाला, तर काहींत फळमाशीच्या अळ्या सापडल्या. गरम पाण्याची एकच प्रक्रिया दोन्हींवर चालेल काय? तसेच अढीऐवजी इथिलीन वापरल्यास चव उणावते काय?

उत्तर १
आपण वर्णन केलेला गर साक्याचा आहे. साका हा रोग नव्हे, कीडही नव्हे. फळ झाडावर असतानाच होणारी ती अंतर्गत विकृती आहे, त्यामुळे काढणीनंतरच्या कोणत्याही प्रक्रियेने ती दूर होत नाही. तापलेल्या जमिनीची धग आणि फळ झाडावर जास्त दिवस राहणे, या दोन्हींमुळे साक्याचे प्रमाण वाढते. म्हणून झाडाखाली गवताचे आच्छादन करावे आणि फळ चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार होताच, उन्हे चढण्यापूर्वी, देठासह झेल्याने (फळ तोडण्याच्या जाळीदार काठीने) उतरवावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ वाणात साका होत नाही, पण उभी हापूसची बाग असणाऱ्याला तोडणीची वेळ सांभाळणे हाच खरा आधार आहे.

उत्तर २
फळमाशी सालीखाली अंडी घालते, त्यामुळे फळे नुसती धुऊन उपयोग नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली ती फळमाशीमुळेच, आणि २०१५ मध्ये बंदी उठल्यावर तेथील निर्यातीसाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया रूढ झाली. करपा या बुरशीजन्य रोगासाठीची सुमारे ५२ अंशांची, १० मिनिटांची प्रक्रिया वेगळी आहे. कृपया या दोहोंची गल्लत करू नये, कारण तापमान थोडे चुकले तरी साल भाजते. अमेरिकेला २००७ पासून विकिरण केलेला, म्हणजे किरणोत्साराची प्रक्रिया केलेला आंबा जातो. त्यातील ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेमुळे किडीची पुढील वाढ खुंटते. मात्र बागेत नर माश्यांना आकर्षित करणाऱ्या मिथिल युजेनॉलचे सापळे लावले नाहीत आणि गळलेली फळे वेचून खोल पुरली नाहीत, तर पुढच्या तोड्यात अळ्या पुन्हा दिसतील.

उत्तर ३
इथिलीन हा पिकवणारा वायू फळ स्वतःही तयार करते, त्यामुळे १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) मर्यादेत दिलेल्या वायूने चव बिघडत नाही. कोवळे फळ मात्र नुसते पिवळे होते, गोड होत नाही. पिकवणीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साचू देऊ नये. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे, आणि त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात.