'कै.', 'दिवंगत' की नुसतेच 'निधन'? २०२२च्या यादीने उभे केलेले प्रश्न

आमच्या वाचनालयात दर जानेवारीत मागील वर्षी निवर्तलेल्या मान्यवरांचा एक फलक लावला जातो आणि त्याचा मजकूर तपासण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. २०२२च्या फलकाच्या वेळी मात्र ऱ्हस्वदीर्घापेक्षा शब्दांच्या निवडीवरच आमच्या दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. सिंधुताई सपकाळ ४ जानेवारीला, प्रा. एन. डी. पाटील १७ जानेवारीला, कीर्ती शिलेदार २२ जानेवारीला, अनिल अवचट २७ जानेवारीला, रमेश देव २ फेब्रुवारीला आणि लता मंगेशकर ६ फेब्रुवारीला, अशी त्या वर्षाच्या पहिल्या सदतीस दिवसांतच यादी लांबली होती, आणि कच्च्या प्रतीत प्रत्येक नावाआधी सरसकट 'कै.' लावलेले होते.

'कैलासवासी' हा आपल्याकडे इतका मुरलेला शब्द आहे की त्यातला कैलास कोणाला दिसतच नाही. तरीही शब्दाचा अर्थ सरळ आहे, शिवलोकी वास करणारा. म्हणूनच वारकरी मंडळी आपल्या माणसाच्या नावामागे 'वै.' म्हणजे वैकुंठवासी असे आवर्जून लिहितात. आता एन. डी. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे नेते आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्ष. परलोकाच्या कल्पनेशी ज्यांनी आयुष्यभर वाद घातला, त्यांना आम्ही एक अक्षर आणि एक टिंब एवढ्या खर्चात कैलासावर पाठवत होतो. सिंधुताई महानुभाव पंथाच्या, आणि त्या पंथाची श्रद्धाही कैलासाकडे जाणारी नव्हे. त्यांच्या परिचयात 'अग्निसंस्कार' असाही शब्द पडला होता. पंथाच्या रीतीप्रमाणे त्यांचे पुण्यात दफन झाले, त्यामुळे तेथे 'अंत्यसंस्कार' हाच शब्द हवा, कारण तो दहन आणि दफन या दोन्हींना सामावून घेतो.

मग 'स्वर्गीय' सुचवले गेले. मला ते हिंदीच्या वळणाचे वाटते, आणि मराठीत त्यामुळे एक गंमतही होते: लताबाईंचा आवाज त्या हयात असतानाच आपण 'स्वर्गीय' म्हणत होतो, तेव्हा तेच विशेषण मृत्यूच्या अर्थाने लावले की वाचणारा क्षणभर अडखळतो. 'दिवंगत' हाही व्युत्पत्तीने 'स्वर्गास गेलेला' असाच शब्द आहे, पण रोजच्या वापरात त्याचा स्वर्ग झिजून गेला आहे आणि केवळ 'आता हयात नसलेला' एवढेच उरले आहे. हा भेद व्युत्पत्तीचा नसून कानाचा आहे, हे मला मान्य आहे. ख्रिस्ती कुटुंबांतला 'ख्रिस्तवासी', मुस्लिम कुटुंबांतला 'पैगंबरवासी' आणि बौद्ध कुटुंबांतला 'कालकथित' हे शब्द त्या त्या घरच्या निवेदनात शोभतात. (पालीत मरण पावण्याला 'कालं करोति' म्हणतात, तो प्रयोग या 'कालकथित'च्या जवळ आठवावा.) सर्वांच्या एकत्र यादीत मात्र एकाचा शब्द दुसऱ्याच्या माथी मारणे बरे नव्हे.

शेवटी 'निधन' राहिले, आणि माझ्या मते तेच सर्वांत निर्मळ आहे. 'स्वधर्मे निधनं श्रेयः' हे गीतेतले वचन सर्वांना पाठ असते. पण सामगानात, म्हणजे सामवेदातील मंत्रांच्या गायनातही, 'निधन' हा पारिभाषिक शब्द आहे, हे कमी जणांच्या ध्यानात असते. सामाच्या प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव आणि निधन अशा पाच 'भक्ती' म्हणजे भाग मानतात. आधीचे भाग यज्ञातले वेगवेगळे ऋत्विज (पुरोहित) गातात आणि शेवटचे निधन सर्वांनी मिळून गायचे असते. गानसम्राज्ञीच्या नावापुढे हा शब्द लिहिताना याची आठवण होणे साहजिक होते. त्याआधीचे 'दुःखद' मात्र मी काढून टाकले. सुखद निधन कोणी छापत नाही.

प्रयोगाविषयीही एक सूचना: 'त्यांचे निधन झाले' असेच लिहावे, 'निधन पावले' हे 'मरण पावले'च्या नादाने झालेले रूप आहे. 'मयत' हा शब्द मृत्यूच्या दाखल्यात आणि वारसनोंदीत राहू द्यावा.

वयाच्या बाबतीत तर बहुतेक जण चुकतात. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९चा, म्हणजे निधनसमयी त्यांना ९२ वर्षे पूर्ण होऊन ९३वे चालू होते. एन. डी. पाटील यांचा जन्म १५ जुलै १९२९चा, म्हणून त्यांचेही तसेच. तरीही 'वयाच्या ९२व्या वर्षी' असे सर्रास छापून आले. '९२व्या वर्षी' याचा अर्थ ९१ पूर्ण आणि ९२वे चालू असा होतो. पूर्ण झालेली वर्षे सांगायची असतील तर 'वय ९२' किंवा 'ते ९२ वर्षांचे होते' असे लिहावे.

'पुण्यतिथी' आणि 'स्मृतिदिन' यांतही असाच घोळ आहे. लताबाई गेल्या त्या दिवशी, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, माघ शुद्ध षष्ठी होती, वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. पुढच्या वर्षी वसंत पंचमी २६ जानेवारीला आली, म्हणजे तिथीने पाहता षष्ठी २७ तारखेला पडली. कार्यक्रम मात्र ६ फेब्रुवारीलाच झाले, आणि त्यांना 'प्रथम पुण्यतिथी' म्हटले गेले. तिथी पाळायची असेल तर पंचांग उघडावे, तारीख पाळायची असेल तर 'स्मृतिदिन' म्हणावे, आणि तो 'स्मृतीदिन' असा लिहू नये, कारण समासातील पहिल्या तत्सम पदाचा मूळचा ऱ्हस्व इकार ऱ्हस्वच राहतो. 'श्रद्धांजली' शेवटी दीर्घ, आणि ती वाहायची किंवा अर्पण करायची असते. 'श्रद्धांजली दिली' हे हिंदीतून आलेले आहे. श्रद्धा हा शब्दच ज्यांना खटकतो, त्यांच्यासाठी 'आदरांजली' आहे, किंवा त्याहून साधे 'अभिवादन'.

फलकाच्या शीर्षकात मी 'निवर्तलेले' ठेवले. संस्कृतात निवर्तन म्हणजे माघारी वळणे, परत फिरणे. कोठे गेले याचा त्यात दावा नाही. एका सदस्यांना तो शब्द फार जुनाट वाटला आणि त्यांनी साधे 'आपल्यातून गेलेले' सुचवले. बोलताना आपण तसेच म्हणतो हे खरे. ६ फेब्रुवारीला सकाळी शेजारच्या काकूंनी दारातूनच 'लताबाई गेल्या हो' एवढेच सांगितले होते. बोलण्यातले ते 'गेल्या' लेखी यादीत मात्र 'कोठे?' असा प्रश्न मागे ठेवते, असे मला वाटले, म्हणून मी 'निवर्तलेले'वरच अडून राहिलो. आपल्याकडे 'वारले' हा शब्द अजून लेखी निवेदनात चालतो का, की तो केवळ बोलण्यापुरता उरला आहे, हे जाणकारांनी सांगावे.