मदत हवी आहे: १८! + १ ला २३ ने भाग का जातो?

नमस्कार. मी आणि आठवीतली लेक सुट्टीत क्रमगुणितांचा नाद लागल्यासारखे बसलोय. क्रमगुणित म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार, ४! = १ × २ × ३ × ४ = २४. प्रत्येक क्रमगुणितात १ मिळवायचा आणि मूळ संख्या येते का बघायचं. १, २, ३ ला आली (२, ३, ७). मग एकदम ११ ला: ३,९९,१६,८०१. मधल्या सगळ्या संयुक्त.

४, ६, १० चं कारण विल्सनच्या सिद्धांतात मिळालं. मूळ संख्येच्या अलीकडच्या संख्येचं क्रमगुणित घेऊन १ मिळवला, की तिनेच निःशेष भाग जातो. ६! + १ = ७२१, म्हणून ७ ने भाग.

७! + १ = ५०४१ म्हणजे ७१ चा वर्ग. आणि ९! + १ लाही ७१ ने भाग जातो. याचं कारण लेकीनेच शोधलं. ७! वरून ९! ला जायला ८ × ९ = ७२ ने गुणायचं, ७२ ला ७१ ने भागून १ उरतो, म्हणून बाकी तीच राहते. मला फार आनंद झाला.

अडलंय ते १८ ला. १८! + १ ला १९ ने भाग जाणार हे ठाऊक होतं, पण २३ नेही जातो. वहीत दोनदा भागाकार केला. हा योगायोग आहे का? तिला समजेल असं कुणी सांगेल का?

उत्तर:
ताई, योगायोग नाही. लेकीचीच युक्ती उलटी चालवा. विल्सनमुळे २२! + १ ला २३ ने भाग जातो. १८! वरून २२! ला जायला १९, २०, २१, २२ ने गुणायचं. २३ ने भागताना हे −४, −३, −२, −१ सारखेच. गुणाकार २४, बाकी १. म्हणून १८! आणि २२! ची बाकी एकच. शिवाय २३ ला १८ ने भागून बाकी १ उरत नाही. एखाद्या क्रमगुणित + १ ला भाग जातो, पण त्या क्रमगुणिताच्या संख्येने स्वतःला भागून १ उरत नाही, अशा मूळ संख्या एस. एस. पिल्लई या आपल्या गणितज्ञांच्या नावाने ओळखल्या जातात, त्यांत २३ सगळ्यांत लहान. आता तिला विचारा, ६३! + १ ला ७१ ने भाग जातो का? मोठा गुणाकार करायचा नाही.

दादा, मनापासून आभार! तिने केलं: ६४ ते ७० म्हणजे −७ ते −१, सात उणे, गुणाकार −५०४०. ५०४१ ला ७१ ने भाग जातो, म्हणून बाकी १. जातो भाग! १८! + १ ला २९ नेही भाग जातो हे आत्ताच सापडलंय, आणि १९ ते २८ म्हणजे −१० ते −१, म्हणून ती १०! ला २९ ने भागत बसली आहे.