मदत हवी आहे: आतेची शिवी काढली, खरी बदनामी तशीच ठेवली. दाद कुठे मागायची?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी,

मी मालवण तालुक्यातला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर संध्याकाळपर्यंत तिठ्यावर चर्चा सुरू होईल. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. फावल्या वेळात आमच्या पंचक्रोशीचं एक पेज चालवतो. अकरा हजारांच्या आसपास लोक आहेत, त्यात निम्म्याहून जास्त चाकरमानी. लाईट कधी येणार, कुठली एसटी रद्द झाली, कोण वारलं, बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला, असल्या बातम्या. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की पहिली विचारणा आमच्याकडेच, कारण रेल्वेचं बुकिंग करायला सगळे टपलेले असतात. ज्या कंपनीच्या ॲपवर हे पेज आहे तिचं नाव लिहीत नाही. मोठी आहे, एवढं पुरे.

तर यंदाच्या जत्रेतला एक फोटो टाकला. त्यात माझा चुलतभाऊ रांगेत उभा दिसतोय. हा भांडुपला असतो. जत्रेला आला, देवीचं दर्शन घेतलं आणि आमच्या आतेच्या घरी तोंडही न दाखवता परस्पर मुंबईला पळाला. आते ७६ वर्षांची आहे, बोटांनी जमत नाही म्हणून फोनवर बोलून टाइप करते. तिने फोटोखाली लिहिलं:

"आंगणेवाडीक इलंस नि घराक येवक पाय मोडले? मुडदो बशिवलो तुझो मेल्या. वडे काढून वाट बघतंय मी."

त्याने खाली लिहिलं, "आते चुकलंय, शिमग्याक येतंय." चाळीसएक जण हसले. विषय संपला.

तिसऱ्या दिवशी आतेचं खातं ३० दिवसांसाठी बंद. कारण, "हिंसेची धमकी". पेजलाही इशारा आला आणि तेव्हापासून पोस्ट लोकांना दिसेनाशा झाल्यात. मंगळवारी खराब हवामानाची सूचना टाकली, ती मोजून ९० जणांपर्यंत पोचली. एरवी तीन-चार हजार सहज होतात. मी त्या कमेंटचा स्क्रीनशॉट आधीच काढला होता (भावाला चिडवायला), नशीब. तेव्हा खाली "भाषांतर पहा" दाबलं होतं, तर आलं होतं: "तुझं प्रेत बसवलं, मृत माणसा."

आता "मुडदो बशिवलो तुझो" हे आजीच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस आमच्याकडे शोधून सापडायचा नाही. आतेला वाटतंय फोन बिघडला. काल विचारत होती, "माज्या फोनार कोणी करणी केल्यान काय रे?"

दुसरी गोष्ट गंभीर आहे. त्याच ॲपवर गावाचा एक ग्रुपही आहे. महिनाभरापूर्वी तिथे एकाने ग्रामपंचायतीच्या एका महिला सदस्याचा फोटो टाकून लिहिलं की कार्यालयात उशिरापर्यंत नेमकं कोणतं 'काम' चालतं याचा सुज्ञ ग्रामस्थांनी विचार करावा. शुद्ध प्रमाण मराठी, एक अपशब्द नाही, शेवटी "कळावे, लोभ असावा". खाली जे काही लिहिलं गेलं ते इथे देत नाही. त्या बाई ग्रामसभेला यायच्या बंद झाल्या. मी तीनदा रिपोर्ट केला. तिन्ही वेळा तेच उत्तर, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

तर विचारायचं ते असं. आतेच्या बाबतीत ॲपमधलं अपील केलं, चार मिनिटांत फेटाळलं. पुढे कुठे जायचं? तिथे माणूस वाचतो की परत मशीनच? आणि एक गावपुढारी दुकानात येऊन सांगून गेला की पेज तुझं, खाली कोण काय लिहितो त्याला तूच जबाबदार, ६६अ लागेल. हे खरं आहे का? घरचे घाबरलेत.

पापलेट_फ्राय

आते जबरदस्त! वडे कोणी खाल्ले शेवटी?

(मदत शून्य केली, माफी. धागा वर आणतोय.)

रातांबा

घाबरलेल्या घरच्यांना आधी हे सांगा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. श्रेया सिंघल खटला. त्या याचिकेमागे जे प्रकरण होतं ते आपल्याच किनारपट्टीवरचं, पालघरचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एका मुलीने पोस्ट टाकली, दुसरीने ती लाइक केली, आणि दोघींना अटक झाली होती. कलम जाऊन इतकी वर्षं झाली तरी गावोगावचे पुढारी अजून त्याच काठीने म्हशी हाकतात.

ॲडमिनच्या जबाबदारीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. तो व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल होता, गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण. सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दाखवावं लागतं, असं कोर्टाने म्हटलं. तुमचं पेज आहे, ग्रुप नाही, पण तत्त्व उपयोगी पडेल. म्हणजे डोळे मिटून बसायला परवाना मिळाला असं मात्र नव्हे.

आता आते. २०२१ चे मध्यस्थांसाठीचे, म्हणजे अशा ॲपवाल्या कंपन्यांसाठीचे, नियम बघा. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीला भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. ॲपमधलं "अपील" आणि या अधिकाऱ्याकडची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक लोक पहिल्यावरच दमतात. अधिकाऱ्याचा पत्ता किंवा फॉर्म कंपनीच्या साइटवर असतो, सहसा तळाशी, जिथे कोणी जात नाही तिथे. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निकाली काढायची असं मूळ नियमात होतं. नंतर दुरुस्त्या होत गेल्या आहेत, म्हणून मुदतीसाठी केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या साइटवरची ताजी प्रत उघडून ठेवा.

नियम ४(८) तुमच्या कामाचा. कंपनीने स्वतःहून मजकूर काढला तर कारण कळवायचं आणि वापरकर्त्याला आपली बाजू मांडायची रास्त संधी द्यायची. चार मिनिटांत फेटाळणं ही संधी की काय, हे तक्रारीत सरळ विचारा.

तिथेही नाही जमलं तर केंद्र सरकारची तक्रार अपील समिती. २०२२ च्या दुरुस्तीने आली, जानेवारी २०२३ मध्ये तीन समित्या नेमल्या गेल्या. अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, सगळं ऑनलाइन, दिल्लीला खेपा नाहीत. तक्रार आतेच्याच नावाने जाऊ द्या, खातं तिचं आहे.

गाळणीवाला

मी काही काळ दुसऱ्या एका कंपनीसाठी कमेंट तपासून ठेवायच्या की काढायच्या ते ठरवायचं काम केलंय, कंत्राटी. जरा पलीकडची बाजू सांगतो.

समोर कमेंट एकटी यायची. फोटोत कोण, कोणाचं कोणाशी नातं काय, खाली हसलेत की रडलेत, काही दिसायचं नाही. "मराठी" म्हणून जे यायचं त्यात नागपूर, कोल्हापूर, खानदेश, मालवण सगळं एकाच टोपलीत. मी साताऱ्याचा. मुडदा मला कळला असता, पण "आवशीचो घो" पहिल्यांदा आलं तेव्हा मी शेजारच्याला विचारलं, तो लातूरचा. दोघांनी मिळून काढून टाकलं!

आणि एक लक्षात घ्या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून. त्या अफवा फोनवरूनच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. असलं काही घडलं की सगळ्या कंपन्यांत गाळणीची भोकं बारीक केली जातात. "मुडदा" चुकून राहिला आणि खरंच मुडदा पडला, तर नोकरी माझी जायची. चुकून काढला तर फार तर तुमची आते रागावते. आम्ही काय निवडणार, सांगा.

दुसरी पोस्ट का राहिली तेही उघड आहे. तिच्यात पकडायला शब्दच नाही. "काम" या शब्दाभोवतीची दोन अवतरणचिन्हं कुठलं मशीन वाचणार?

वेंगुर्ल्याची

सड्यावरचा, एक विचारू? तो ग्रुप कोणाचा? तुम्ही लिहिलंत "गावाचा एक ग्रुप आहे". ॲडमिन कोण?

सड्यावरचा

मी आणि अजून दोघे.

वेंगुर्ल्याची

मग ती पोस्ट कंपनीने काढायची वाट महिनाभर का बघितलीत? ॲडमिनला काढता येते. एका बोटाचं काम.

माझ्या बहिणीच्या बाबतीत असंच झालं होतं, म्हणून जरा तिखट लिहितेय. सगळे रिपोर्ट करत होते, काढत कोणी नव्हतं.

सड्यावरचा

रात्रभर विचार करून लिहितोय.

ज्याने ती टाकली तो आमच्या भावकीतला. गणपतीला त्याच्या घरी आरतीला जायचं, शिमग्याला पालखीला खांदा त्याच्या बाजूने द्यायचा. मी काढली असती तर "अमक्याने पार्टी घेतली" झालं असतं, दुकानावर परिणाम. कंपनीने काढली तर माझं नाव येत नाही. हेच कारण. बाकीच्या दोघांचंही तेच असणार, आम्ही आपसात कधी बोललोच नाही.

आज सकाळी काढली.

वेंगुर्ल्याची

बरं केलंत. पण काढायच्या आधी लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट, खालच्या कमेंटसकट, ठेवलात ना? त्या बाईंना उद्या तक्रार करावीशी वाटली तर लागेल. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर महिलांसाठी वेगळा विभाग आहे, पोलीस ठाण्यातही देता येते. नव्या न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६, आणि स्त्रीचा अवमान करण्याच्या हेतूने बोलण्या-वागण्याचं ७९. करायची की नाही ते त्यांनीच ठरवू दे. तुम्ही त्यांच्या वतीने शूर होऊ नका, आणि ते स्क्रीनशॉट इथे तर मुळीच टाकू नका.

सड्यावरचा

स्क्रीनशॉट ठेवलेत. बाईंना आमच्या घरची मंडळी जाऊन भेटली, मी नाही गेलो. भावकीतल्याचा फोन आला होता, भाषा आतेपेक्षा बरीच वाईट. ती कोणी काढायला आलं नाही, फोनवर होती ना.

आता आतेच्या तक्रारीचा मसुदा करतोय. स्क्रीनशॉट, भावाचं उत्तर, नोटिशीची तारीख, नियम ४(८), सगळं घातलं. एका जागी अडलोय. "मुडदो बशिवलो तुझो" चा अर्थ दिल्लीत बसलेल्या माणसाला कसा सांगायचा? "प्रेमाने दिलेली शिवी" लिहिलं तर शिवी कबूल केल्यासारखं होतं.

रातांबा

"शिवी" शब्दच नको. असं लिहा: "मालवणी या मराठीच्या बोलीत वडीलधाऱ्या स्त्रिया घरच्या मुलांवर रागावताना हा वाक्प्रचार वापरतात. त्यात कोणतीही कृती करण्याचा इरादा नसतो. त्याच कमेंटमधलं पुढचं वाक्य पाहावं: ती त्याच्यासाठी वडे करून वाट पाहत होती." पुढचं वाक्य ठळक करा. माझ्या मते तुमचा सगळा खटला त्या वड्यांवर उभा आहे.

आणि कंपनीचे नियम इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत प्रसिद्ध करायचे असतात. मराठी त्या यादीत आहे, १९९२ पासून कोंकणीही आहे. मालवणी नाही. म्हणून "मराठीच्या बोलीत" हे शब्द गाळू नका.

गाळणीवाला

भावाकडूनही दोन ओळी घ्या, "मला धमकी वाटली नाही" अशा. आमच्याकडे तसं काही आलं असतं तर मी नक्की परत ठेवलं असतं.

सड्यावरचा

भावाने लिहून दिलं. वर विचारतोय, शिमग्याला येऊ की नको.

काल रात्री तक्रार पाठवली, आज दुपारी पोच आली, क्रमांक मिळाला. उत्तर आलं की त्या तारखेपासून ३० दिवस मोजायचे, दुकानातल्या कॅलेंडरावर जागा मोकळी ठेवलीय. पेजच्या पोस्ट अजून लोकांना दिसत नाहीत, त्यासाठी वेगळी तक्रार करावी लागेल का, कोणाला माहीत असेल तर सांगा. तोवर बावटा लागला की जेटीवरच्या फळ्यावर खडूने लिहितोय.

आतेला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माका एक सांग, तो कंपनीवालो कोणाचो झील?"