विषय: चिमीच्या शाळेचं पत्र (मंगळवारच्या आत उत्तर हवं)

सप्रेम नमस्कार मंडळी,

लातूरहून लिहितेय. सुट्टीत महिनाभर माहेरी आलोय. चिमीला येत्या मंगळवारी अकरा पूर्ण होतील. त्या गाजलेल्या पुस्तकांतल्या जादूच्या शाळेचं पत्र अकरा वर्षांच्या मुलांना घुबड आणून देतं, हे तुमच्याही घरी पोरांना पाठ असेल. चिमीला पत्र येणार याची खात्रीच होती. काळजी एवढीच, की ते इंग्लंडात, आमच्या लेस्टरच्या घरी जाईल आणि आपण इकडे. निघताना तिनं दारावर चिठ्ठी चिकटवली होती, आजोळच्या पत्त्याची, पिनकोडसकट.

खरं सांगायचं मी टाळत राहिले. मग ते दादांच्या कानावर गेलं. माझ्या वडिलांचं आयुष्य लातूरच्या बारावीच्या मुलांना गणित शिकवण्यात गेलं. त्यांनी वहीच काढली. जागा किती? मेरिटवर का प्रवेशपरीक्षा? मागच्या वर्षी कटऑफ कितीला लागला? चिमी म्हणाली, परीक्षा नसते, नुसतं पत्र येतं. दादांना दोन रात्री झोप नाही. परीक्षा नाही म्हणजे डोनेशन असणार, आणि ते पौंडात.

आईचं निराळंच. "डोंगरातली शाळा म्हंजी थंडी लई. भाकरी मिळतीय का तिथं? आन् एवढं लेकरू होस्टेलात ठिवायचं?" मी अकरावीला औशाहून लातूरच्या होस्टेलात आले, वीसेक किलोमीटरवर, तरी ही बाई महिनाभर रडत होती. तिला कशी समजूत घालायची?

परवा रात्री गच्चीच्या कठड्यावर पिंगळा येऊन बसला. चिमी अनवाणीच जिना चढून वर. तिच्यामागं आई, हातात खराटा, कारण घुबड घरावर ओरडलं की घरातलं माणूस जातं असं ती लहानपणापासून ऐकत आलीय. एका फटक्यात पिंगळा उडाला. चिमी पावसानं ओल्या गच्चीवर बसकण मारून रडायला लागली. "त्याच्या पायात काहीतरी होतं, आजी!" आई खराटा धरून तशीच उभी. आपण नेमकं काय केलं ते तिला कळेना.

मग सांगावंच लागलं. शाळा गोष्टीतली आहे, पत्र येणार नाही. पिंगळा आला होता तो शेजारच्या पडक्या वाड्यातले उंदीर धरायला, असं दादांनी सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मग खरी जादू कुठं शिकवतात?"

मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा.

चिमीची आई, मुक्काम लातूर

---

उत्तर: चिमीच्या शाळेचं पत्र

अगं, शिकवतात की! लंडनला मॅजिक सर्कल आहे, 1905 साली स्थापन झालेली जादूगारांची संस्था. तिचाच मुलांसाठी यंग मॅजिशियन्स क्लब आहे, दहाच्या पुढची मुलं घेतात. होस्टेलची भानगड नाही, तेव्हा आईंना म्हणावं भाकरी घरचीच. मुलगी म्हणून अडवतील अशी धास्ती नको. मोठ्यांच्या संस्थेत बायकांना 1991 पर्यंत सभासद करून घेत नव्हते, आता घेतात.

आणि दादांना सांग, मोठ्यांना सभासद व्हायला परीक्षा असते. करून दाखवावं लागतं. आताचे राजे चार्ल्स युवराज असताना त्यांनीही 1975 साली ती दिली, पेले आणि गोळ्यांचा खेळ करून.

परभणीची मावशी, हल्ली बर्मिंगहॅम

---

उत्तर: चिमीच्या शाळेचं पत्र

चिमीच्या आईस आशीर्वाद.

पोरीला जरूर शिकव, पण म्हाताऱ्याचं एक ऐक. आपल्याकडं जादू हा शब्द साधा नाही. आमच्या नांदेडकडच्या खेड्यात भानामतीच्या संशयावरून बायांचे काय हाल व्हायचे ते मी पोरवयात डोळ्यांनी पाहिलंय. कायदा आला तो 2013 साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. तो कायदा हातचलाखीच्या खेळाला हात लावत नाही. जादूटोण्याच्या नावानं लुबाडणाऱ्याला, छळणाऱ्याला धरतो. खेळ संपला की 'ही हातचलाखी आहे' एवढं पोरीनं म्हणायलाच पाहिजे. ती सवय आत्तापासूनच लाव.

पहिला धडा माझ्याकडून. तळहाताला हळदीचं पाणी लावून वाळू दे. दुसऱ्या हाताला पानाचा ओला चुना. हात हातावर घासला की लालभडक. आजीला करून दाखवा, मग का लाल झालं तेही सांगा. आणि चुना डोळ्यात जाऊ देऊ नका, हात लगेच धुवा.

लीड्सचे काका

---

उत्तर: चिमीच्या शाळेचं पत्र

मावशी, काका, तुमचे उपकार कसे फेडू?

परीक्षा असते म्हटल्याबरोबर दादांचा जीव भांड्यात पडला. पेले आणि गोळ्या ऐकून तर उठून बसले. "अगं, हे तर गंजगोलाईत बाजाराच्या दिवशी मदारी करायचा!" तासाभरात तीन पितळी वाट्या आणि मूठभर चिंचोके आले. रोज सकाळी सहा ते सात वाट्या, असं वेळापत्रक भिंतीवर लागलंय. चिंचोका करंगळीच्या बुडाशी दाबून धरायचा आणि बोटं मात्र मोकळी दिसली पाहिजेत. चिमीचा तळवा लहान, चिंचोका निसटतो आणि फरशीवर टणटण करत कपाटाखाली जातो. ती पोटावर पडून काढते, पुन्हा बसते. वाढदिवसाला सकाळीही बसली. पत्राचं नाव काढलं नाही.

हळद-चुन्याचा प्रयोग आईसमोर केला. हात लाल झालेला बघून आधी दचकली, मग चिमीचा हात हातात घेऊन वास घेतला. "ह्यात कसली जादू? आमची आजी असंच कुंकू करायची, हळदीला चुना लावून." आणि लेकीची लेक मांडीवर घेऊन तिनं ती सगळी रीत सांगितली, जी मी आजवर विचारलीच नव्हती.

चिंचोका कुठं जातो हे मात्र चिमी आजीला सांगत नाही. आजीनं भाकरीबरोबर लोणी देऊन पाहिलं, तरी नाही. काका, 'ही हातचलाखी आहे' एवढं मात्र ती दर वेळी म्हणते.

आम्ही एक तारखेला परततोय. आपल्या मंडळाच्या कार्यक्रम समितीला विनंती, गणपतीत एका संध्याकाळी तिला दहा मिनिटं द्याल का? टेबल आणि एक कापड लागेल, वाट्या इथूनच आणतोय. आणि मावशी, दादा विचारतायत, ती परीक्षा मराठीतून देता येते का?

चिमीची आई