पंपाहून अवघड होतं ज्वाळेला शांत ठेवणं

माणसांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचं इंजिन म्हणजे एफ-१. त्याचा टर्बोपंप (केरोसीन आणि ऑक्सिजन ज्वलनकक्षात ढकलणारा, टर्बाइनवर चालणारा पंप) हाच त्या इंजिनातला सगळ्यात मोठा पराक्रम, असं म्हटलं जातं. पंप अफाट आहेच. 55 हजार अश्वशक्ती, आणि एकाच दांड्यावर एकीकडे उणे 183 अंशांचा द्रव ऑक्सिजन, तर दुसरीकडे तापलेल्या वायूवर फिरणारं टर्बाइन! (त्याच्या बेअरिंगना वंगण म्हणून रॉकेटचं केरोसीनच वापरलं होतं, हे मला फार आवडतं.) पण माझ्या मते त्याहून कठीण काम पंपाच्या पुढे, ज्वलनकक्षात होतं.

तिथे सेकंदाला अडीच टनांहून जास्त केरोसीन आणि ऑक्सिजन जळायचं. ज्वाळेत दाबाची एखादी लाट उठली की ती भिंतींवर आपटत वाढत जायची आणि क्षणार्धात इंजिनाचा निकाल लागायचा. जून 1962 मधल्या चाचणीत एक इंजिन असंच गेलं. नुसत्या गणिताने हे सुटेना, म्हणून अभियंत्यांनी चालू इंजिनाच्या कक्षात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडले आणि उठलेली लाट किती वेळात शमते ते मोजलं. इंजेक्टरच्या, म्हणजे केरोसीन आणि ऑक्सिजन कक्षात फवारणाऱ्या छिद्रांच्या तबकडीवर आडोसे उभारून, छिद्रांचे व्यास आणि कोन पुन्हा पुन्हा बदलून अखेर ती लाट एक दशांश सेकंदाच्या आत आपोआप विरू लागली. पुढे सॅटर्न-५ च्या 13 उड्डाणांत अशी 65 इंजिनं वापरली गेली, त्यातलं एकही उड्डाणात दगा देऊन बंद पडलं नाही.