रोज बोलणे होते, तरी अंतर का राहते? (बागायतदार आणि मजुरांच्या टोळ्या)

दिंडोरीकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझी दिंडोरी तालुक्यात पाच एकर द्राक्षबाग असून मी स्वतः नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहतो. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतच्या कामासाठी सुरगाणा तालुक्यातल्या एकाच पाड्यावरची टोळी गेली बारा वर्षे माझ्याकडे येते. विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे), काढणी या सगळ्या काळात आमचे रोज बोलणे होते. मुकादमाचा फोन तर दिवसातून चार वेळा येतो. तरीही गेल्या हंगामात काढणीचे दोन दिवस शिल्लक असताना सगळी टोळी होळीसाठी गावी निघून गेली. मी आठवडाभर आधी विचारले होते, तेव्हा मुकादम "बघू शेठ, होईल" असे म्हणाला होता. व्यापाऱ्याची गाडी बागेत येऊन उभी राहिली आणि मी फोनवर जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही.

हा प्रकार मी आमच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. तासाभरात चाळीसेक मेसेज आले, पण त्यांत माझ्या टोळीचा विषय राहिलाच नाही. "ही माणसे अशीच", "उचल (कामाआधीची आगाऊ रक्कम) घेताना बरे गोड बोलतात" अशा वाक्यांनी गट भरून गेला. वाचताना आधी बरे वाटले, हे कबूल करतो. नंतर लक्षात आले की ज्यांची मुले माझ्या डोळ्यांसमोर मोठी झाली, त्यांच्याबद्दल मीही "ही माणसे" असेच लिहिले होते. बारा वर्षांच्या बोलण्यातून दोन समाजांत जी जवळीक यायला हवी होती ती का आली नाही, आणि चूक बोलण्यात आहे की आणखी कशात, हे जाणकारांनी सांगावे.

पंचवटीतून (निवृत्त प्राध्यापक)

आपला प्रश्न सामाजिक मानसशास्त्रात जुना आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली असे मांडले की दोन गट एकमेकांच्या सहवासात आले तर पूर्वग्रह कमी होऊ शकतात, मात्र त्या सहवासात दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य असावे आणि कायदा किंवा रूढी यांचे त्याला पाठबळ असावे. पुढे २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी अशा ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सहवासाने पूर्वग्रह सहसा कमी होतात असे दिसले, आणि ऑलपोर्टच्या अटी जेथे पाळल्या गेल्या होत्या तेथे हा परिणाम अधिक होता. आपल्या बागेत उद्दिष्ट एक आहे आणि सहकार्यही आहे. दर्जाचे काय, ते आपणच पाहावे.

दुसरी गोष्ट भाषेची. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की बोलताना माणूस समोरच्याच्या बोलीकडे सरकतो किंवा मुद्दाम तिच्यापासून दूर राहतो. कोणी कोणाकडे सरकायचे हे बहुधा सत्तेवरून ठरते. आपल्या मराठीत तर यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही, कारण "अरे" आणि "अहो" यांतच सगळे सांगून होते. आपला मुकादम वयाने आपल्यापेक्षा मोठा असेल तर आपण त्याला काय म्हणता आणि तो आपल्या मुलाला काय म्हणतो, एवढे एकदा आठवून पाहावे.

मी राहतो तेथून काळाराम मंदिर चालत पाच मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. पुढच्याच महिन्यात रथयात्रेच्या वेळी दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा असे ठरले होते, पण ऐनवेळी सवर्णांनी तो परस्परच ओढून नेला. म्हणजे चर्चा झाली, तोडगाही निघाला, आणि शब्द पाळण्याचे बंधन एकाच बाजूला राहिले. सत्याग्रह पाच वर्षांहून अधिक काळ चालूनही दार उघडले नाही आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली.

सुरगाण्याचा

मी कोकणा समाजातला आहे. माझे आईवडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरीतच येत असत. मी आता नोकरीमुळे नाशिकरोडला राहतो. प्राध्यापक साहेबांचे म्हणणे योग्य आहे, पण मला एवढ्या लांबून यायचे नाही.

दादा, "बघू शेठ, होईल" याचा अर्थ "नाही" असा होता. उचल घेतलेली असते, पुढच्या वर्षीचे काम आपल्याच हातात असते आणि पंधरा घरांची जबाबदारी मुकादमावर असते. अशा माणसाला शेठच्या तोंडावर "नाही" म्हणता येत नाही. माझे वडील कोणत्या बागायतदाराला "नाही" म्हणाल्याचे मी कधी ऐकले नाही, आणि घरी तर ते चांगलेच भांडखोर होते. शिवाय आपण विचारले तरी कसे असेल? "होळीला जाणार नाहीस ना?" असे विचारले असेल तर त्यात उत्तर आपणच देऊन टाकले होते. आमच्याकडे होळी दिवाळीपेक्षा मोठी असते आणि वर्षभर बाहेर राबणारी माणसे त्या सणाला एकत्र येतात, हे आपल्याला बारा वर्षांत कोणी सांगितले नाही की आपण विचारले नाही?

आणखी एक प्रसंग सांगतो. ६ मार्च २०१८ रोजी वनहक्काच्या आणि इतर मागण्यांसाठी नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईकडे जो शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, त्यात माझे वडील होते. ११ तारखेच्या रात्री सगळे सोमय्या मैदानावर थकून पोहोचले होते, पण सकाळी दहावीच्या मुलांची परीक्षेला जाताना अडचण होऊ नये म्हणून रातोरात चालत आझाद मैदानावर गेले. मुंबईच्या लोकांनी पाणी दिले, खायला दिले, कोणी चपला आणून दिल्या. त्यांच्याशी आमच्या माणसांची आधी ओळखही नव्हती. तेथे मात्र आमची माणसे स्वतःचे म्हणणे घेऊन गेली होती, आणि पायांना आलेले फोड पाहून समोरच्याने आपणहून विचारपूस केली. वडिलांना त्या प्रवासातले सर्वांत जास्त काय लक्षात राहिले, तर एका बाईंनी त्यांना "काका, बसा ना" असे म्हटले होते ते.

सिडकोवासी

आम्ही खानदेशातून नाशिकच्या सातपूर भागातल्या कारखान्यांसाठी आलेली माणसे. घरी अहिराणी आणि दाराबाहेर "शुद्ध" मराठी, असे माझे बालपण गेले. शाळेत तोंडून "भो" (म्हणजे "भाऊ") निघाले की वर्ग हसायचा. आज नाशिकच्या सिडको वसाहतीत अहिराणी बोलणारे इतके आहेत की दुकानदारच आमच्या बोलीत भाव सांगतो. मने बदलण्याआधी संख्या बदलली, असे माझे थोडे कडू मत आहे. टोळ्यांना मात्र ही सोय नाही, कारण त्या हंगाम संपला की परत जातात.

दिंडोरीकर

सर्वांचे आभार. सुरगाण्याच्या दादांनी ओळखले तसेच, अगदी त्याच शब्दांत, मी विचारले होते. मुकादम माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे आहेत आणि बारावीतल्या माझ्या मुलाला ते "अहो" म्हणतात. हे मी रोज ऐकत होतो.

या वेळी छाटणीपूर्वीच पाड्यावर जाऊन होळीच्या आधीचे आणि नंतरचे किती दिवस त्यांना हवेत ते विचारावे आणि व्यापाऱ्याशी काढणीची तारीख त्यानुसार ठरवावी, असा विचार आहे. दादा, एकच शंका राहते. मी उचल देणारा माणूस त्यांच्या अंगणात बसून विचारत असेन, तेव्हा तेथे तरी ते "नाही" म्हणू शकतील का? की हे विचारायला मी न जाता दुसऱ्या कोणी जावे?