युन दोंग-जू यांच्या कविता टिकल्या कशा?

पिंपळपान: कोरियन कवी युन दोंग-जू (1917–1945) यांचा ‘आकाश, वारा, तारे आणि कविता’ हा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. जपानी राजवटीत कोरियन भाषेची गळचेपी होत असताना या कविता टिकल्या कशा?

जुना वाचक: 1941 मध्ये सोलच्या योन्ही महाविद्यालयातील शिक्षण संपवताना त्यांना संग्रह छापायचा होता, परंतु काळ धोक्याचा आहे, असा सल्ला प्राध्यापकांनी दिल्यामुळे त्यांनी स्वहस्ते तीन प्रती तयार केल्या आणि त्यांतील एक मित्र जोंग ब्योंग-उक यांना दिली. जोंग यांना जपानी सैन्यात जावे लागले, तेव्हा त्यांच्या आईने ग्वांगयांगच्या घरी लाकडी फळ्यांच्या जमिनीखाली मातीच्या रांजणात ती दडवली. कोरियन कवितेवर या माउलीचे ऋण फार मोठे आहे.

सांजवात: जपानला शिकायला जाण्यासाठी त्यांना ‘हिरानुमा’ हे जपानी आडनाव नोंदवावे लागले. त्याआधी पाचच दिवस, 24 जानेवारी 1942 रोजी, त्यांनी पश्चात्तापाची कविता लिहिली. तिच्यात कळकलेल्या तांब्याच्या आरशात स्वतःचा चेहरा पाहून शरमलेला तरुण भेटतो. मला ती त्यांची सर्वांत धीट कविता वाटते.

पिंपळपान: आभारी आहे. त्यांना अटक कवितांमुळेच झाली का?

जुना वाचक: नाही, आरोप स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतल्याचा होता. दोशिशा विद्यापीठात शिकत असताना जुलै 1943 मध्ये त्यांना क्योतोत पकडण्यात आले. 16 फेब्रुवारी 1945 रोजी, कोरिया मुक्त होण्याच्या सहा महिने आधी, फुकुओकाच्या तुरुंगात ते वारले.